पॅकेजांची आवराआवर

“कल्याणी, खुर्ची ओढ आणि इकडे बस,” पत्तीवार सर म्हणाले. “दोन वर्षांपासून माझ्या मागे लागली आहेस ना? घे. आज देतो.”

शुक्रवारची दुपार होती. सरांनी फळ्यावरचं सगळं पुसलं, मधोमध एक चौकोन काढला आणि त्याला फांद्या फोडत गेले. एकेका फांदीवर नाव लिहिलं: ग्राहक, बिल, तक्रार, फिडर, परमिट. ते काय काढून राहिले हे लक्षात आलं तशी मी बसल्या जागेवरून उठलेच.

“सर, सगळं प्रोजेक्ट?”

“सगळं. मुळापासून. पण एकटीनं करायचं. दहा हात लागले की पुन्हा तोच उकिरडा होतो.”

“केव्हापर्यंत?”

“सोमवारी क्लायंटची माणसं येऊन राहिली कोड पाहायला. पाहुणे यायच्या आधी घर आवरलेलं पाहिजे की नाही?”

मी हसले. शनिवार-रविवार गेला तरी मला त्याचं काही नव्हतं.

नागपूरला परसोडीच्या बाजूला आमची छोटी कंपनी होती. विदर्भातल्या काही तालुक्यांत वीज वाटपाचा ठेका घेतलेल्या एका खासगी कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. बिलं, तक्रारी, आणि लाईनवर काम करायला निघालेल्या लाईनमनला द्यायचं परमिट, म्हणजे ‘तुझी लाईन बंद केली आहे, चढ’ असा परवाना, हे सगळं त्यातूनच निघे. कोड जावामध्ये होता. जावात प्रोग्रामच्या फायली पॅकेजात ठेवतात. पॅकेज म्हणजे शेवटी संगणकावरचं एक फोल्डरच. आमच्या पॅकेजांची अवस्था एखाद्या लग्नघरातल्या कोठीच्या खोलीसारखी झाली होती. ‘कॉमन’ नावाचं एक पॅकेज होतं, त्यात ज्याला जे ठेवायला जागा सापडली नाही ते त्यानं टाकलं होतं. कुठली फाईल कोणाच्या कामाची, हे फक्त पत्तीवार सरांना ठाऊक.

सर आमचे टीम लीडर, पण माझ्यासाठी त्याहून जास्त होते. कॅम्पसमध्ये मला कोणी घेतलं नव्हतं. मुलाखतीत मी तीन प्रश्नांना “येत नाही” म्हटलं, तेव्हा बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले, आणि सर म्हणाले, “येत नाही म्हणता येतं, एवढं पुरे आहे मला.” जावा मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. चुकले की ते कीबोर्ड ओढून घेत नसत. हात मागे बांधून उभे राहत आणि मी शोधेपर्यंत थांबत.

संध्याकाळी टेस्टिंगमधल्या समीनाला सांगितलं तर तिच्या कपाळावर आठी पडली. समीना शेख माझ्याच बरोबरीनं लागली होती. आम्ही डबा एकत्र खायचो.

“अचानक काहून?” ती म्हणाली. “इतके दिवस म्हणायचे, चालत्या गाडीचं चाक काढू नका म्हणून.”

“पाहुणे येणार आहेत.”

“पाहुणे फोल्डर पाहतात का कल्याणी? पाहुणे स्क्रीन पाहतात.”

तिला काय कळतंय कोडमधलं, असं वाटलं मला.

शनिवारी सकाळी ऑफिसात आम्ही दोघंच होतो, सर आणि मी. येताना त्यांनी तर्री-पोहे आणले होते. मी एकेक फाईल उघडायची, ती कुठल्या कामाची ते पाहायची आणि फळ्यावरच्या फांदीप्रमाणे नव्या पॅकेजात ठेवायची. बिलाचं बिलात, तक्रारीचं तक्रारीत. ‘कॉमन’ रिकामं होत चाललं तसतसं मला हलकं वाटत होतं. खाली कोणीतरी गाडी धूत होता, त्याच्या रेडिओचा आवाज वर येत होता. इतकं आनंदाचं काम मी त्यानंतर कधी केलं नाही.

दुपारी एका ठिकाणी अडले.

‘फिडरमॅप’ नावाच्या दोन फायली होत्या. एक ‘कॉमन’मध्ये, एक ‘फिडर’मध्ये. जावाला याचं काही वावडं नसतं. पॅकेज वेगळं असलं की एकाच नावाच्या दोन फायली सुखानं नांदतात. कोणत्या प्रोग्रामनं त्यातली कोणती वापरायची, ते त्याच्या सुरुवातीच्या एका ओळीवर ठरतं. कोणत्या गावाची लाईन सबस्टेशनवरच्या कितव्या नंबरच्या फिडरवर, म्हणजे तिथून निघणाऱ्या मुख्य तारेवर आहे, याची माहिती या फाईलमध्ये असायची. राजुऱ्याकडे नवीन सबस्टेशन झालं तेव्हा तिथले नंबर बदलले होते. नवे नंबर ‘फिडर’मधल्या फाईलमध्ये होते. ‘कॉमन’मधली जुनी फाईल कोणी काढलीच नव्हती.

“सर, याच्या दोन निघाल्या. कोणती ठेवू?”

सर त्यांच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नवी ठेव. जुनी काढून टाक.”

“पण परमिटची स्क्रीन जुनी वापरते आहे. बाकी सगळे नवी घेतात, ही एकटीच ‘कॉमन’मधली घेते.”

“मग ती ओळ बदल.”

“सर, म्हणजे तिथे नंबर चुकीचे येत असतील. क्लायंटला कळवायला पाहिजे ना?”

आता ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले.

“आवराआवरीत असं निघतंच, पोरी,” ते म्हणाले. “म्हणून तर आवरायचं असतं. दुरुस्त झालं ना? झालं तर मग. कळवायचं माझ्यावर सोड.”

मी ती ओळ बदलली. जुनी फाईल काढली.

रविवारी दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. तेव्हा सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कोडचा साठा ज्या सर्व्हरवर असायचा, तिथे प्रत्येक फाईलचा इतिहासही राहायचा: कोणी लिहिली, कधी बदलली. सर म्हणाले, “नव्या घरात जुनी धूळ कशाला? नवीन साठा उघड आणि हे सगळं त्यात टाक. जुना मी काढून टाकतो, बाकीच्यांच्या मशीनवरच्या प्रतीही. तुझ्या मशीनवरची जुनी प्रतही काढून टाक, नाहीतर उद्या चुकून तिच्यावरच काम करत बसशील.”

मी तसं केलं. नव्या साठ्यात प्रत्येक फाईलपुढे एकच नाव आलं: कल्याणी बोरकुटे. मला तर ते पाहून अभिमान वाटला. सरांनी फळ्यावरचं झाड आणि स्क्रीनवरचं झाड ताडून पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

“सुंदर,” ते म्हणाले. “हे मी आजच क्लायंटच्या सर्व्हरवर चढवतो. तू घरी जा, आराम कर.”

सोमवारी क्लायंटकडून एकच माणूस आला. तिडके साहेब, अधीक्षक अभियंता. वयानं पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी लॅपटॉप लावून झाड दाखवायच्या तयारीत बसले होते. तिडके साहेबांनी झाडाकडे पाहिलंच नाही.

“गेल्या मंगळवारी आमचा एक लाईनमन गेला,” ते म्हणाले. “चिंचोलीचा. देवराव नन्नावरे. परमिट घेऊन पोलवर चढला आणि लाईन चालू होती.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आपण अशी बातमी ऐकली की हलवतो तशी.

“सबस्टेशनचा ऑपरेटर म्हणतो, परमिट काढताना स्क्रीननं फिडर सात बंद करा म्हणून सांगितलं. त्यानं सात बंद केला. चिंचोलीची लाईन आता नऊवर आहे. आता परमिटच्या कागदावर गावाचं नाव असतं, नंबर नसतो, त्यामुळे स्क्रीनवर काय होतं याला ऑपरेटरच्या तोंडाशिवाय काही आधार नाही. मला एवढंच पाहायचं आहे की तुमची स्क्रीन काय सांगते.”

“दाखव, कल्याणी,” सर म्हणाले.

मी परमिटची स्क्रीन उघडली. गाव: चिंचोली. बटण दाबलं.

फिडर नऊ.

“पाहा साहेब,” सर शांतपणे म्हणाले. “नऊच सांगते.”

तिडके साहेबांनी स्वतः उठून पुन्हा एकदा बटण दाबलं. नऊ. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. “म्हणजे ऑपरेटरनं न पाहताच बंद केला,” ते म्हणाले, “आणि चढणाऱ्यानंही तार जमिनीला जोडून, अर्थिंग करून, खात्री केली नाही. दोघांचा हलगर्जीपणा.” आणि ते लिहू लागले.

माझी बोटं अजून कीबोर्डवरच होती. शनिवारी दुपारपर्यंत ती स्क्रीन सात सांगत होती. नऊ मी केलं होतं.

“साहेब, चहा घेऊ या का आधी?” सर म्हणाले. माझ्याकडे एकदाच पाहून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “कल्याणी, जरा ये.”

जिन्यात कोणी नव्हतं.

“तुम्हाला केव्हा कळलं?” मी विचारलं.

“बुधवारी. ऑपरेटरनं सपोर्टला फोन लावला होता. रडत होता. मीच उचलला.”

“ती ओळ कोणी लिहिली होती, सर?”

“मी.”

खाली वॉचमन कोणाची तरी गाडी मागे घ्यायला लावत होता. “येऊ द्या, येऊ द्या,” असा त्याचा आवाज येत होता.

“पाहा,” सर म्हणाले, “चूक होती, ती निघाली. आता कोणी मरणार नाही. तो माणूस परत येत नाही, पोरी. कंपनी बुडाली तर चाळीस घरं बसतील. तुझं धरून. तुला काही बोलायचं नाही आहे, खोटंही बोलायचं नाही आहे. नुसतं गप्प बसायचं आहे.”

“मलाच का दिलं हे काम?”

सर कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “तू नीट करतेस म्हणून. तुझ्या हातून मागे काही राहत नाही.”

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. आजही तो आवाज आठवला की मला खात्री वाटते, ते खरंच कौतुक होतं.

आम्ही परत खोलीत गेलो. तिडके साहेबांचा चहा आला होता. मी उभ्यानंच म्हटलं, “साहेब, शनिवारपर्यंत ही स्क्रीन सातच सांगत होती. जुन्या नंबरांची एक फाईल दुसऱ्या पॅकेजात राहिली होती, परमिटची स्क्रीन ती वाचायची. ऑपरेटर खरं बोलतो आहे.”

पेन थांबलं.

“दाखवता येईल?”

“नाही.”

“ती फाईल?”

“काढून टाकली.”

“कोणी?”

“मी. सरांनी सांगितलं म्हणून.”

तिडके साहेब सरांकडे वळले. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला.

“मी फक्त आवरायला सांगितलं होतं, साहेब,” ते म्हणाले. “हिनं काय काढलं, काय ठेवलं, मी कुठे एकेक फाईल पाहत बसू? सगळीकडे हिचंच नाव आहे. पाहून घ्या.”

तिडके साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मी त्यांना फायलींपुढची नावं दाखवली. रविवार, रविवार. कल्याणी बोरकुटे, कल्याणी बोरकुटे, खालपर्यंत. त्याच्या आधीचं काहीच नाही, जणू ते प्रोजेक्ट रविवारीच जन्माला आलं होतं.

“मॅडम,” ते म्हणाले, आवाज वाईट नव्हता त्यांचा, “तुम्ही म्हणता ते मी लिहिलं, तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. अपघात मंगळवारचा. पुरावा तुम्ही शनिवारी नाहीसा केला. का? तुम्ही तरुण आहात. विचार करा.”

“लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि पेनाला टोपण लावलं.

त्याच आठवड्यात मला काढलं. परवानगीशिवाय कंपनीचा कोड नष्ट केला, असं कारण दिलं. मी वीज कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लिहून कळवलं, त्यावर उत्तर म्हणून आमच्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. पोलीस ठाण्यात गेले तर तिथल्या हवालदारानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे बाई, फोल्डर बदलल्यानं माणूस मेला, असं लिहू का मी?” नागपुरात मला पुढे बराच काळ कोणी कोडिंगचं काम दिलं नाही. सर मात्र तिथेच राहिले, वर चढले. मुलांना शिकवतात अजून. चांगलं शिकवतात, असं ऐकते.

समीना एकदा घरी येऊन गेली. चहा तसाच ठेवून म्हणाली, “नंबर बदलले ना, त्याच आठवड्यात मी सरांना सांगितलं होतं. परमिटवर जुना नंबर येऊन राहिला म्हणून. ते म्हणाले, पाहतो.” थोड्या वेळानं म्हणाली, “माझं नाव कुठे घेऊ नकोस. मी नाही म्हणून सांगेन.” मी घेतलं नाही. ती रडत गेली.

चौकशीचा अहवाल आला तेव्हा मी एसटीनं चंद्रपूरला आणि तिथून राजुऱ्याला गेले. चिंचोली तिथून जवळ आहे. लाईनमनचं घर विचारल्यावर पानठेल्यावरच्या माणसानं बोट दाखवलं आणि वर म्हणाला, “मोबाईलवर बोलत बोलत चढला होता म्हंते ना तो?”

अंगणात एक म्हातारा रस्त्याकडे पाठ करून बसला होता. देवरावची बायको इंदू दारात आली. माझ्याच वयाची. मी नागपूरहून आले, सॉफ्टवेअरच्या कंपनीत होते, एवढं सांगितलं तर ती आत वळली.

“कागद आला आमाले,” ती पाठमोरीच म्हणाली. “हलगर्जीपना. अनुकंपाची नोकरी भेटत नाई म्हने आता. अजून काय सांगाले आल्या?”

“ते खोटं आहे,” मी म्हटलं. “त्यांची चूक नव्हती.”

म्हाताऱ्यानं मान वळवली. तो देवरावचा बाप, बापूराव. इंदू हळूच म्हणाली, “मामाजीबी लाईनमनच होते. तेइनंच शिकवलं यांले. कागद आला तवापासून चौकात गेले नाई, कोनाशी बोलत नाई.”

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. पॅकेज, फाईल, ओळ, हे त्याला कसं सांगायचं ते एसटीत ठरवत आले होते. त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, “बाबा, मशीननं खोटा नंबर सांगितला. ऑपरेटरनं मशीन सांगेल तो बंद केला. मी स्वतः पाहिला तो नंबर मशीनमध्ये.”

“परमिट होतं?” म्हाताऱ्याचा आवाज बसलेला होता.

“होतं.”

“लाईन बंद दाखवत होती?”

“हो.”

“अर्थिंगचा रॉड मांगला होता त्यानं,” तो म्हणाला. “दोनदा मांगला. भेटला नाई. मी होतो तवाबी भेटत नव्हता. तरी मी त्याले शिव्या देल्या. मेल्यावर. इथं बसून रोज देतो.”

इंदूनं पदर तोंडाला लावला.

“हे कागदावर येईन का?” त्यानं विचारलं.

“नाही, बाबा. मी खूप प्रयत्न केला. पुरावा राहिला नाही. फक्त मी सांगते आहे.”

म्हातारा उठला. गुडघ्यांवर हात टेकून, हळू. रस्त्याकडे तोंड केलं आणि समोरून सायकलवर चाललेल्या माणसाला हाक मारली. मग शेजारच्या घराकडे वळून आणखी एकाला. “इंदू,” तो म्हणाला, “सबस्टेशनवरच्या पोराइले बोलाव. आन् पानठेल्यावाल्याले. त्याले पयले.”

माणसं येत गेली. दोन लाईनमन आले, खाकी कपड्यांतले. पानठेल्यावरचा आला आणि कुंपणाशीच थांबला. शेजारच्या बायका आल्या. ज्या ऑपरेटरनं फोनवर रडत सरांना सांगितलं होतं तोही आला. निलंबित झाला होता, दाढी वाढली होती. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा फाटकातून आणखी कोणी आत येत होतं, आणि काय झालं, काय झालं, असं विचारत होतं.

बापूरावनं त्याला पुढे बसायला जागा करून दिली.

“बाई,” तो मला म्हणाला, “पयल्यापासून सांग.”

मी पहिल्यापासून सांगायला लागले.